चालान

दारव्ह्याच्या कोर्टात पुकारा झाला,
गुणवंत झिबल ठोंबरे!
मी उभा राह्यलो. वकील नव्हता.
पिशवीत कार्बोरेटर होता फडक्यात बांधलेला,
अन् इस्माईल मिस्त्रीची तेलकट वही.

सरकारी वकील म्हने, पाचशे भर, मोकया हो.
बाहेरचा चहावाला बी तेच म्हने.
तीन तारखांत एस्टीलेच तीनशे गेले होते.

साहेब, फोटो पाहा जी.
चिखलाखाली तीन हाय का आठ,
हे त्या कॅमेऱ्याले बी ठावं नाई.
माही गाडी त्या दिवशी लिंबाखाली,
विटांवर, चाक काढून बसली होती.
वहीत लिवलं हाय:
सतरा तारीख. पिस्टन. उधार.

साहेबानं पान उलटलं, बोटाले ऑइल लागलं.
रुमाल शोधता शोधता इचारलं,
एरवी हेल्मेट घालता का?

टायपिंगचा आवाज थांबला.
चहावाला दारातूनच मान हलवत होता,
हाव म्हन, बापा, हाव म्हन.

नाई जी, म्हनलं.
तो माहा रोजचा गुन्हा हाय.
त्या दिवसाचा नाई.

साहेब हसले नाईत. कायतरी लिवलं.
मी कार्बोरेटर उचलला,
टेबलावर पेट्रोलचा
एवढासा डाग राह्यला.