कारण: उजेड

अर्जातल्या 'कशासाठी' या रकान्यात
आयली कांगासनिएमीनं एकच शब्द लिहिला होता:
उजेड.
मी शेरा मारला, माहिती अपुरी,
आणि अर्ज परत पाठवला.

चौतीस वर्षं डुलुथच्या नगरपालिकेत
नियमावर बोट ठेवणं हेच माझं काम.
छपरात खिडकी पाडायची म्हणजे
आधी विचारायचं, कुठले वासे कापणार?
कापलेल्या वाशाचा भार कोण घेणार?
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
मी उलटं पाहिलंय. वासे कापले,
आणि मार्चच्या ओल्या बर्फाखाली
अख्खं घर गुडघ्यांवर आलं.

दुसऱ्यांदा अर्ज आला तो मागे पान जोडून,
निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात:
"माझी बहीण इर्या माळ्यावर शिवते.
जिना आता तिला झेपत नाही,
म्हणून ती खाली येतच नाही.
बल्बखाली काळा दोरा आणि गर्द निळा दोरा
एकच दिसतात.
गेल्या महिन्यात पाद्रीबाबांचा काळा कोट
तिनं निळ्यानं शिवला.
ते काही बोलले नाहीत.
तेच तिला लागलं."

एवढ्या मजकुरासाठी आमच्याकडे रकाना नाही.
मी त्यावर पोचल्याचा शिक्का मारला.

नियमांचं पुस्तक मी कधीकधी रात्री वाचतो.
त्यात लिहिलंय, डोक्यावरची काच दुपदरी हवी,
मध्ये चिकट पापुद्रा हवा,
फुटली तरी जागच्या जागी राहील अशी.
म्हणजे कुठल्याशा बैठकीत, गार कॉफी पिता पिता,
कुणीतरी खाली झोपलेल्या माणसाचा विचार केला होता.
नाव माहीत नसलेल्या. कदाचित घोरणाऱ्या.

ऑगस्टमध्ये वेंडेल सुतारानं फळ्या उचकटल्या
आणि फोन केला: "या, बघा."
आत आधीच एक चौकट होती.
कुणीतरी कधीतरी इथेच खिडकी केली होती
आणि पुन्हा बुजवली होती.
दप्तरात नोंद नाही, परवाना नाही.
लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं माप,
आणि एक वाळलेली गांधीलमाशी.
"तयारच आहे की," आयली म्हणाली.
चौकट एकेरी होती. मी नाही म्हटलं.
दोन्हीकडचे वासे जोडीनं घ्या,
आडवी तुळई जोडीनं घ्या, मग बघू.
ती फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटली.
वेंडेलला ते कळलं.
त्यानं मला सांगितलं नाही.

फाटलेल्या आभाळाला ठिगळ लावता येत नाही, कबूल.
पण छपराला आभाळाचं ठिगळ लागतं,
एकवीस इंच बाय अडतीस,
कडेनं पत्र्याच्या पट्ट्या, पायरीपायरीनं,
वरची खालचीवर चढवलेली,
म्हणजे पाणी वाट चुकत नाही.

शेवटची तपासणी. वेंडेल छपरावर नळी धरून,
आम्ही तिघं खाली, माना वर.
दहा मिनिटं कुणी बोललं नाही.
काचेवरून पाणी वाहत होतं
आणि इर्याच्या टेबलावरून, कात्रीवरून,
तिच्या सुजलेल्या मनगटांवरून
त्याची सावली वाहत होती.
एक थेंब नाही.
मी लाकडावरून टिपकागद फिरवला.
कोरडा.

मग इर्यानं दोन रिळं पुढे केली.
त्या दिवसात पहिल्यांदाच बोलली:
"निळं कुठलं?"

नियमावर ठेवतो तसंच
मी एका रिळावर बोट ठेवलं.

तिनं बोटाकडे पाहिलं. मग माझ्या चष्म्याकडे.
आणि दुसरं रीळ उचलून
सुईत दोरा ओवायला घेतला.
काही बोलली नाही.

मंजूर, असं मी कार्डावर लिहिलं,
त्या काचेखालीच उभा राहून,
सही जरा मोठी करून.