एकोणीस

सहा वाजून दहा मिनिटांनी गुलरोज बस सुरू करतो.
मी दारापाशी, चकाकत्या हिरव्या जाकिटात, हातात यादी.
यादी अरबीत. मोजणी माझी.
बारा वर्षं झाली रम्समध्ये,
तरी आकडे तोंडात हर्णैचेच येतात.

पहिला थांबा मशिदीमागे.
तसनीम, सुदानी मुअज्जिनाची मुलगी.
आई तिकडे खार्तुमला, म्हणून बापच आधी बांग देतो,
मग वेणी घालतो.
वेणी रोज डावीकडे कललेली.
एक.
बर्फाच्या कारखान्याशी जुळे, उबैद आणि हुमैद.
दोन, तीन. कोण दोन, कोण तीन,
हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.
दुर्राचा बाप गरगूर विणतो,
तारेचे पिंजरे, उपड्या टोपलीएवढे, मासा शिरतो नि परतत नाही.
तिच्या वहीवर गंजाचं एक गोल उमटलंय,
बाईंनी त्याबद्दल दोन गुण कापले.
मौजा सात. मौजा नेहमी सात,
आणि खिडकीसाठी भांडण.

डावीकडे खोर, ओहोटीत चिखल उघडा,
त्यात एका पायावर रोहित,
उजवीकडे डोंगर, ज्यावर काहीच उगवत नाही.
पोरं कुठेच बघत नाहीत.
ती माझ्यासोबत मोजतात, मोठ्यानं.
सोळाला सगळी हसतात.
का, ते मी विचारत नाही.

एकदा मौजानं विचारलं, खाला,
एकोणीस एवढा लांब का?
माझ्या मोडक्या अरबीत मी सांगितलं,
एकोणीस म्हणजे विसाला एक उणा.
मग तो एक कुठाय?
मी बोट दाखवलं. किनाऱ्यावरून
खलफान धावत येत होता, चपला हातात,
पहाटे साडेतीनपासून बापासोबत पाण्यात,
शाळेच्या कंदुऱ्यावर साफीचे खवले.
वीस! बस ओरडली.
कुणी नाक धरलं नाही.
(मी शाळेत जायचे तेव्हा धरायचे.)

माघात शमाल सुटला.
चार दिवस होड्या वाळूवर, वाळू दातांत,
खलफान पहिल्यांदा वेळेवर,
आणि त्याच आठवड्यात मुअज्जिनाचे कागद संपले.
मशिदीमागे बस थांबली, सवयीनं.
गुलरोजनं आरशात माझ्याकडे पाहिलं.
मी पुढचा थांबा सांगितला.

उबैद चढला. की हुमैद.
मी म्हटलं, एक.
तो पायरीवरच थांबला. मी दोन आहे.
अरे, आता तू एक.
नाही.
सातव्या आकड्यावर तर मौजानं दप्तरच आपटलं.
सहा हुमैदच्या चुलतभावाचा आहे,
कुणाचा आकडा मी का घेऊ?
मी समजावलं, रागावले,
बिस्किटाचा पुडा काढला.
बिस्किटं खाल्ली त्यांनी.
आकडे सोडले नाहीत.

मग आम्ही दोनपासून मोजायला लागलो.
दुसरं काय करणार.
दोन, तीन, दुर्रा, सात खिडकीशी,
सोळाला हसू,
आणि शमाल पडल्यावर खलफान पुन्हा धापा टाकत
वीस.

शाळेच्या फाटकाशी बाई, इजिप्तच्या, चष्म्याला साखळी.
यादीशी ताळा करतात. रोज विचारतात, किती?
माझी जीभ अडली.
यादीत एक आकडा, बसमध्ये दुसरा,
आणि खोटं बोलायची माझी अरबी नाही.
पाठीमागून मौजा, स्वच्छ मराठीत,
जणू हर्णैच्या लिलावात उभी आहे:
एकोणीस.
बाईंनी चष्मा खाली केला. म्हणजे?
मौजानं त्यांना अरबीत सांगितलं,
वीस. एक यायचाय.

बाईंनी काय लिहिलं, मला दिसलं नाही.

पोरं उतरली. इंजिन बंद झालं की बस किंचाळू लागते.
मागच्या टोकाला लाल बटण आहे,
तिथवर चालत जायचं, प्रत्येक सीट बघायची,
कुणी झोपून राहिलं नाही ना,
मग दाबायचं. नियम आहे.
मी जाते. एक रिकामी, दोन रिकामी,
पिशवीएवढ्या वासाची वाट धरत
शेवटच्या सीटपर्यंत.
तोंड उघडं, कानामागे एक खवला, चंदेरी.
ऊठ रे विसा,
शाळा आली.