सदतीस अंश

रास अल खैमा. बाहेर सत्तेचाळीस,
आत काचेच्या भांड्यात नेमके सदतीस.
मेणचट पांढरी बत्ती बुडते, वितळते,
दर पाच मिनिटांनी मी नमुना ओढते.

नुसत्या चरबीतून औषध निघता निघत नाही,
माहेरी आल्यासारखं पाय पसरून बसतं.
मधमाशीचं मेण घातलं –
बत्ती गोदामाच्या उष्म्याला पुरून उरली,
औषध मात्र अधिकच घुमं झालं.
मग ट्वीन, थेंबभर:
तेला-पाण्याची बोलणी सुरू झाली,
आलेख ताठ वर चढला.
"आता हात आवर," दापोलीचा मुनाफ काझी म्हणाला,
"जास्त झालं की फेसातच गुरफटतं ते."
तसंच झालं. पाच टक्क्यांना रेघ पुन्हा झोपली.

परवा रात्री शेजारच्या हनानने दार ठोठावलं.
पोर तापाने फणफणलेलं,
सिरप ओकून टाकलेलं.
माझ्या फ्रिजमध्ये, कैरीच्या फोडींमागे,
आमच्याच कारखान्याचं खोकं होतं.
बत्ती देऊन दोघी जमिनीवर बसलो,
तिच्या मोडक्या हिंदीत, माझ्या मोडक्या अरबीत.
घड्याळाकडे पाहिलंच नाही, असं म्हणणार होते.
खोटं कशाला?
दर पाच मिनिटांनी पाहत होते.