सहाशे बारातला एक

छपरावर चढताना ऊन आधी हाताला कळतं.
डेनिझलीत मे महिन्यातच पत्रा असा तापतो
की हातमोजे विसरलेला माणूस
शिडीच्या शेवटच्या पायरीवर आईला हाक मारतो.

खाली टॉवेलांची गिरणी. अठ्ठेचाळीस माग.
त्यांची धडधड पत्र्यातून तळव्यांत येते,
तळव्यांतून दाढांत.
बुरहान टेप धरतो, मी खडूनं रेघ मारतो.
सेवतापबाई, आमच्या इंजिनियर,
प्रत्येकाची कमरेची दोरी ओढून बघतात,
दोनदा. मग उगाच तिसऱ्यांदा.
होनाझच्या बाजूला गेल्या वर्षी एक जण
फायबरच्या अर्धपारदर्शक पत्र्यावर पाय देऊन
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
दोरी ओढून बघतो.

तेच पत्रे, मधूनमधून, मळक्या दुधासारखे,
आता आमच्या पॅनेलांखाली जाणार होते.
उजेडाचं काय, असं विचारल्यावर
रेमझी बेय म्हणाले, खाली एलईडी लावू.
कागदावर सहाशे बारा निळे चौकोन.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
ती शिडीपाशी येऊन उभी राहिली.
नेसिबे, चौदा नंबरच्या मागावरची.
डोक्याच्या रुमालावर कापसाची लव, भुवयांवरही.
"वरचं बंद करणारे तुम्हीच का?"

तिनं मला आत नेलं.
धुळीतून तिरका उतरलेला एक कवडसा,
तळहाताएवढा, मागाच्या चौकटीवर.
सकाळी तो खांबावर असतो, म्हणाली,
मग तेलाच्या डब्यावर, मग इथे.
तिसऱ्या नटाला टेकला की
माझ्या पोराची शाळा सुटते.
थंडीत पाचव्या. मधल्या महिन्यांचं गणित माझ्याकडे आहे.

पोरगा किती वर्षांचा?
"एकतीस. मर्सिनला बंदरात क्रेन चालवतो."
मागांच्या आवाजात मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल.
"शाळा अजून सुटते ना," ती ओरडून म्हणाली.

बुरहान भिंतीकडे बोट दाखवून हसला,
घड्याळ आहे की एवढं मोठं!
"ते मालकाचं," नेसिबे म्हणाली,
आणि तुटलेला धागा जोडायला वळली.

सेवतापबाईंनी संध्याकाळी
गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला.
एक चौकोन कमी म्हणजे वर्षाला आठशेच्या वर युनिट.
बराच वेळ पेन्सिल चावली.
मग सहाव्या रांगेतल्या नवव्या चौकोनावर फुली मारून
बाजूला लिहिलं: वायुवीजनासाठी राखीव.
त्या जागी वायू नाही, वीजनही नाही.
कागदाला कोण विचारतो.
"रेमझी बेयना मी सांगेन," त्या म्हणाल्या.
सांगितलं नाही, हे मला माहीत आहे.

उरलेलं पॅनेल खोक्यातच फाटकापाशी राहिलं.
पहारेकरी ओक्ताय मामांनी ते
आपल्या कोंबड्याच्या खुराड्यावर आडवं टाकलं, सावलीला.
लांब बांग देणाऱ्या जातीचा तो कोंबडा
आठवडाभर रुसून बसला.
मग सवय झाली त्याला.

जूनच्या अखेरीस इन्व्हर्टर सुरू केला.
पाहुणे आले, बाकलावा आला,
रेमझी बेयनी आकडा दोनदा वाचून दाखवला.
आम्ही मागे उभे, मानेवर सोललेली कातडी,
टाळ्या जरा उशिरा वाजवल्या.
माग तसेच धडधडत होते.
वीज कुठून आली याची त्यांना चौकशी नव्हती.

निघण्याआधी मी चौदा नंबरपाशी गेलो.
एलईडीच्या पांढऱ्या, सगळीकडे सारख्या उजेडात
तो कवडसा शोधावा लागला.
आधीपेक्षा बारीक, कडेला कापल्यासारखा.
दुसऱ्या नटावरून सरकत होता.
मी थांबलो. गाडीचा हॉर्न वाजला, तरी थांबलो.

तिसऱ्या नटावर ऊन आलं.
नेसिबेनं मान वर केली नाही.
फक्त तिचा डावा हात
मागाच्या लोखंडावर क्षणभर टेकला, आणि उचलला,
एखाद्याच्या पाठीवरून दप्तर उतरवून घ्यावं तसा.