जायरो

जायरो चालू केला की त्याला
उत्तर सापडायला चार तास लागतात.
तोवर कुणी घाई करायची नाही,
हे मी कोचीत कॅप्टनला सांगतो,
हल्दियात चीफला सांगतो.

खानापूरला पहाटे गाडीतून उतरलो
तर मलाच दिशा लागेना.
पाटी कानडीत, चहावाल्याची शिवी मराठीत,
बाकी धुकं.

भावकाण्णा दारात हजर. "कवा आलास? जाणार कवा?"
आणि लगेच बोअरचा स्टार्टर पुढं केला.
"बोटीचं बघतोस, मग ह्ये बघ की."
कॉन्टॅक्ट काळे पडलेले.
पॉलिशपेपरनं घासले. पाणी आलं.

आई विचारते, आतला समुद्र कसा असतो रे?
तिला वाटतं मी बोटीवर असतो.
असतोच, पण बांधलेल्या.
सगळं लागलं, सही झाली की शिडीनं खाली;
दोर सुटतात तेव्हा मी धक्क्यावर, हातात टूलबॅग.
मीच लावलेलं रडार
माझ्यावरून फिरून जातं.
दिसत असेन एखादा ठिपका.
कुणी बघतं का, माहीत नाही.

हे सगळं न सांगता
"खारट असतो," म्हणालो.
ती हसली, तव्यावरची भाकरी उलटली.

तिसऱ्या रात्री कुठं नीट झोप लागली.
चौथ्या सकाळी फोन: विशाखापट्टणम.
कार्ड अजून
हलतच होतं.