शेवटच्या शिंगराची स्तुती

पहिल्या पाच घोड्यांचं गाणं गायला
जिल्ह्याहून माणूस येतो, निळ्या रेशमी देलात.
त्याला माइक मिळतो.
माझ्याकडे शेवटचा घोडा.
एकतीस उन्हाळे झाले,
जे शिंगरू सगळ्यांत मागून येतं
त्याची स्तुती मी गातो, माइकशिवाय.

यंदाचं नादाम लहान.
गेल्या खेपेला टेकडीपर्यंत गाड्या उभ्या होत्या,
यंदा मी मोजल्या: एकोणीस.
त्यातली एक आइस्क्रीमवाल्याची.
झुदनं हिवाळाभर बर्फावर बर्फ रचला
आणि वर काचेचा थर दिला.
खाली गवत दिसायचं, तोंडाला लागायचं नाही.
मार्चात आम्ही जनावरं मोजली नाहीत,
ढीग मोजले.

तरी धूळ उठली तसे सगळे धावले.
पुढच्या घोड्यांची धूळ अंगावर घ्यावी, वर्ष बरं जातं.
म्हाताऱ्या त्सेवेलमानं तर तोंड उघडं ठेवून घेतली.
लाकडी पट्टीनं घाम निपटला,
तो पोराबाळांच्या कपाळांना लागला.
पाच घोडे. पाच गाणी.
मग पैलवानांनी गरुडासारखे हात पसरले
आणि गर्दी तिकडे वळली,
बोटांवरचं खूशूरचं तेल चाटत.

मी थांबलो. माझं कामच थांबण्याचं.

बराच वेळ क्षितिज नुसतंच थरथरत होतं.
मग एक ठिपका.
धावत नव्हता, धड चालतही नव्हता.
वर नोमिंझुल, वय सात, गोंबोसुरेनची धाकटी,
हेल्मेट एका कानावर, पायांत नुसते मोजे,
बसलेल्या आवाजात अजून 'गिंगो, गिंगो' चालू.
खाली ते तांबूस शिंगरू.
त्याची आई फेब्रुवारीत उभ्याउभ्या गोठली,
हे गेरमध्ये चुलीपाशी राहिलं,
पोरांच्या वाटणीची पेज पीत.
एकशे चाळिसांतले सहा उरले.
त्या सहांतलं हे.

मी लगाम धरला आणि सुरू केलं, नेहमीचंच:
दोष तुझा नाही, राजा,
मालक तुझा झोपाळू,
वाट दगडांची,
स्वार अजून दुधाच्या दातांचा,
आणि पोट तुझं भरलेलं, म्हणून पाय जड...

इथे आवाज अडकला.
बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या.
शेवटच्याला भरल्या पोटाचा म्हणायची रीत आहे,
रीतीला बरगड्या दिसत नाहीत.
रेटून नेलं.
शेवटची ओळ मात्र गिळली,
घाईघाईनं पुठ्ठ्यावर ऐराग शिंपडली,
वाडगा हातात घेऊन बाजूला झालो.

"आजोबा, एक राहिली."
"कुठली गं?"
"पुढच्या वर्षीची."

तिच्या ओठांवर धुळीची साय आली होती.
बाप थंडीआधी शहराकडे निघणार,
कुठल्याशा गॅरेजात ओळख काढलीय त्यानं,
हे मला ठाऊक होतं.
तिलाही असावं.
खोगिरावरून उतरेचना.

मागे मैदानात ओरडा झाला,
कुणाचा तरी गुडघा टेकला असणार.
मी घसा खाकरला.

पुढल्या उन्हाळ्यात
दहा हजारांच्या पुढे तू,
तुझी धूळ त्यांच्या डोळ्यांत, तुझी सावली त्यांच्या...

तेवढ्यात शिंगरानं वाडग्यात तोंड घातलं,
तळापर्यंत प्यालं,
आणि मग रिकामा वाडगा
नाकानं माझ्या छातीवर ढकलत राहिलं.