डाव्या सीटचं माप

गाडी लाल, बुटकी, नाक लांब.
जुन्या विलायती मॉडेलची नक्कल, अंग फायबरचं,
आत इंजिन आपलंच, चारचौघांसारखं.
वकीलबाई बुगडे यांनी ती अक्कलकोट रोडला
माझ्या शेडसमोर आणून लावली
आणि उतरायला त्यांना दीड मिनिट लागलं.

मी मोजलं.
बाकीचे गाडीकडे बघत होते.

"येमुल, लेदर घाला. तपकिरी."
म्हटलं, बाई, एप्रिल आहे. सोलापूर आहे.
कोर्टाबाहेर उन्हात लावून परत बसाल
तर खाली भाकरी भाजेल.
आणि दुखणं कातड्यात नाहीच, त्याच्या आत आहे.

खोळ उसवली.
सीट बोलते, पण पालथी घातल्याशिवाय नाही.
उजवीचा फोम मांडीखाली संपलेला,
शेवेचा चुरा उरावा तसा पिवळा;
एकाच कुशीला दबलेला,
म्हणजे बाई एका अंगावर भार टाकून चालवतात.
पट्टे सैल, झोळ आलेल्या बाजेसारखे.
कमरेमागे तर काहीच नाही.
विशीतल्या पोरासाठी काढलेली सीट,
बाई एकसष्टच्या.

डावी मात्र कोरी.
आठ वर्षांत माणसाचा दाब नाही,
फक्त एका कोपऱ्यात
फायलींचा चौकोनी खळगा.
मी विचारलं नाही.

पट्टे नवे ताणले. मांडीखाली दीड इंच घट्ट फोम,
वर पाऊण इंच मऊ, कमरेला मुठीएवढा उंचवटा.
बाईंना चार वेळा बसवलं, खडूनं खुणा केल्या.
"इथं?"
"जरा खाली."
"इथं?"
बाई बोलल्या नाहीत, नुसता श्वास सोडला.
तिथं फुली मारली.

कडेला रेक्झिन, मध्ये चादरीचं कापड,
जाड, घाम पिणारं.
बारा वर्षं मागावर होतो मी, सुई धरायच्या आधी;
धागा कुठं ओढ घेतो ते बोटांना अजून कळतं.
नक्षी नको म्हणाल्या. मोर तर मुळीच नको.
साधी पट्टी लावली.
उरलेला मोराचा तुकडा
फोमखाली अस्तराला गेला. तो कुणाला दिसत नाही.

"डावीचं माप कुणाचं घेऊ?"
बाई चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, "तुम्ही बसा.
कुणाचं तरी असायला हवं."

चाळीस वर्षं सीटा केल्या,
रिक्षांच्या, ट्रॅक्टरच्या, वऱ्हाडाच्या बसच्या,
बसलो तो तपासायला, गाडी उभी असताना.
सिद्राम खडू घेऊन मागं आला.
"मामा, सरळ बसा."
म्हटलं, हेच सरळ आहे.
मशीनवर वाकून कणा उजवीकडे गेलाय केव्हाच.
पोरानं तसंच माप घेतलं, फोम तसाच कापला.

रविवारी बाईंनी मला कुंभारीपर्यंत नेलं.
वारा कानात, बाभळी मागं पळतायत,
आणि पाठीला, काय सांगू,
पाठीला कुणीतरी ओळखल्यासारखं.

परत आल्यावर बाई अकरा सेकंदांत उतरल्या.
मला जास्त लागले.

पुढं कधी त्या सीटवर कुणी बसेल,
एखादा अशील, एखादी भाची,
आणि हलून बघत विचारेल,
"ही जरा वाकडी आहे का हो?"
बाईंनी काय सांगायचं
ते बाईंनी ठरवावं.